५,००० मीटरच्या वर चढताना श्वासाची लय: नेमकं काय शिकवायचं?

हिमरेषा

साडेपाच ते साडेसहा हजार मीटरच्या, फारशा तांत्रिक नसलेल्या शिखरांवर जाणाऱ्या एका गटासाठी श्वासाच्या सरावाचं टिपण तयार करतेय. सगळ्यांना ४,००० मीटरपर्यंत चालायची सवय आहे आणि दमसासही चांगला आहे. शिखराच्या दिवशी मध्यरात्रीनंतर निघून सात-आठ तास चढाई, पायात क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे काटे), काही टप्प्यांवर फिक्स रोप (चढावर आधीच बांधून ठेवलेला दोर), असं स्वरूप असेल. बाटलीतला ऑक्सिजन नाही.

‘श्वासावर लक्ष ठेवून चढा’ हे वाक्य प्रत्येकजण सांगतो. ते कागदावर उतरवायला बसलं की मात्र अडायला होतं. पावलांशी श्वास जुळवायचा तर किती पावलांना एक श्वास, आणि उंची वाढेल तसं ते प्रमाण कसं बदलायचं? खोल श्वास घ्या म्हणतात, अति श्वास घेऊ नका असंही म्हणतात. बोटांना मुंग्या आल्या तर त्याचा अर्थ काय लावायचा? नाकाने की तोंडाने? गटातल्या काहींचा प्राणायामाचा नियमित सराव आहे. भस्त्रिका आणि कुंभक वरच्या कॅम्पवर करावेत का, असं ते विचारतायत. आणि सगळ्यात अवघड म्हणजे लक्ष टिकत नाही, वीस-तीस पावलांत मोजणी तुटते. त्यावर काय करायचं?

शरीरात काय घडतं तेही सांगितलंत तर बरं. कारण समजलं की माणसं सूचना पाळतात, नाहीतर पहिल्या चढणीवरच विसरतात.

---

खिंडीपलीकडे

कारणापासूनच सुरू करतो, कारण प्रमाण वगैरे सगळं त्यातून निघतं.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा असतो, साडेपाच हजार मीटरवर जवळपास निम्मा, म्हणजे ३८० च्या आसपास. श्वासनलिकेत शिरलेली हवा ओली होते आणि पाण्याची वाफ त्यातले ४७ मिलिमीटर खाते, खाली असो की वर. म्हणजे आत पोचणाऱ्या ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १५० आणि साडेपाच हजारावर सुमारे ७०.

आता फुप्फुसाच्या वायुकोशांत कार्बन डायऑक्साइडही जागा अडवून बसलेला असतो. खाली त्याचा दाब ४० असतो. साडेपाच हजारावरही तो ४० च राहिला, तर ठोकळ हिशेबाने वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब उरतो फक्त २०. श्वसन वाढवून तोच कार्बन डायऑक्साइड २५ वर आणला, तर ऑक्सिजन ४० च्या जवळ जातो. बाहेरची हवा तीच, पण आतला ऑक्सिजन दुप्पट. १९८१ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संशोधन मोहिमेने एव्हरेस्टच्या माथ्यावर मोजमाप केलं, तेव्हा हवेचा दाब २५३ मिलिमीटर भरला होता आणि वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड अवघा साडेसात-आठच्या आसपास. माणूस तिथे बाटलीविना उभा राहू शकतो तो या प्रचंड श्वसनाच्या जोरावर. म्हणून टिपणाच्या सुरुवातीलाच लिहा की वर धाप लागणं हा शरीराचा दोष नाही, तो इलाज आहे. ती दाबायची नाही, तिला वळण लावायचं.

वळण कसलं? खोलीचं. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, तिचा रक्ताशी संबंध येत नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतले तर एकूण ६ लिटर हवा आत जाते आणि त्यातली ४.२ लिटर कामाला येते. २५० मिलिलिटरचे २४ श्वास घेतले तरी एकूण ६ लिटरच, पण कामाला येते फक्त २.४ लिटर. बाकी सगळी मेहनत वाया. चढताना आकडे याहून खूप मोठे असतात, पण हिशेब हाच. दमलेला माणूस खांदे उचलून वरच्या छातीने भराभर श्वास घेतो, तिथे नेमकं हेच होतं.

आता पावलं. रेस्ट स्टेप सगळ्यांना माहीत असते, पण बरेच जण ती अर्धवट करतात. मागचा पाय पूर्ण सरळ, गुडघा ताठ, सगळं वजन त्या पायाच्या हाडांवर. पुढचा पाय वरच्या जागी टेकलेला, पण त्यावर भार नाही. या विरामात श्वास आत. मग उच्छ्वास सोडत भार पुढच्या पायावर आणि शरीर वर. मागचा गुडघा जरासा वाकलेला राहिला की मांडी काम करतच राहते आणि विराम फुकट जातो. दुसरी चूक उंच पाऊल. गुडघाभर उंचीचं एक पाऊल टाकण्यापेक्षा मध्ये क्रॅम्पॉनने आधार करून दोन पावलं टाकावीत. उंच पावलाचं कर्ज पुढचे चार-पाच श्वास फेडत बसावं लागतं.

प्रमाण साधारण असं धरा: साडेतीन हजारांपर्यंत दोन किंवा तीन पावलांत श्वास आत, तितक्याच पावलांत बाहेर. चार ते पाच हजारांत एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर. पाच हजारांच्या वर तीव्र चढावर एका पावलाला एक पूर्ण श्वास. सहा हजारांच्या वर एका पावलाला दोन-तीन श्वास लागले तरी त्यात काहीच वावगं नाही. चढ, ओझं, भुसभुशीत बर्फ आणि उंचीला किती सरावलात यावर हे रोज बदलतं, म्हणून आकडा पाठ करून घेऊ नका. एकच नियम ठेवा: श्वास तुटायच्या आधी गिअर उतरवायचा, तुटल्यावर नाही.

‘एवढ्या हळू गेलो तर पोचणार कधी’ असं कुणीतरी विचारेलच. मिनिटाला २० श्वास, २० पावलं आणि प्रत्येक पावलाला १५ सेंटिमीटर उंची धरली तर मिनिटाला ३ मीटर, तासाला १८० मीटर होतात. न थांबता हे जमलं तर ९०० मीटरची चढाई पाच तासांत होते. तीस पावलं जोरात आणि मग काठीवर ओणवं होऊन दोन मिनिटं धापा, ही पद्धत याहून हळू पडते आणि माणसाला पिळून काढते.

शेवटचं, जोराचा उच्छ्वास. ओठांचा चंबू करून, हातभर अंतरावरची मेणबत्ती विझावी इतक्या जोराने हवा बाहेर सोडायची. अरुंद वाटेमुळे मागे दाब तयार होतो, बारीक श्वासनलिका लवकर मिटत नाहीत, आणि फुप्फुस नीट रिकामं झालं की पुढचा श्वास न सांगता खोल येतो. म्हणून शिकवताना ‘खोल श्वास घ्या’ म्हणू नका, ‘पूर्ण सोडा’ म्हणा. पहिल्या सूचनेने लोक खांदे उचलतात, दुसरीने पोट आत घेतात. दर चार-पाच श्वासांनी एकदा आणि प्रत्येक उंच पावलाला एकदा, एवढं पुरतं. प्रत्येक श्वास असा फुंकला तर श्वसनाचे स्नायूच थकतात, आणि फार उंचीवर श्वसनाचे स्नायू शरीराच्या एकूण ऑक्सिजनमधला मोठा वाटा स्वतःच खातात.

---

वायुकोश

वरचा हिशेब बरोबर आहे. मी वैद्यकीय बाजू जोडतो, कारण धोका तिथे आहे.

हवा विरळ झाली की मानेतल्या रोहिणीजवळचे संवेदक ऑक्सिजनची कमतरता ओळखून श्वसन वाढवतात. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त किंचित अल्कलीधर्मी होतं आणि मेंदूतलं दुसरं नियंत्रण ब्रेक लावतं. सुरुवातीचे एक-दोन दिवस ही ओढाताण चालते. मग मूत्रपिंडं लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्ताची आम्लता जागेवर यायला लागते आणि ब्रेक सुटत जातो. याला काही दिवस लागतात. त्यामुळे एकाच कॅम्पवर पहिल्या दिवशीची लय आणि चौथ्या दिवशीची लय वेगळी असणारच. श्वासाचा कितीही सराव केला तरी हे दिवस वाचत नाहीत. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा, हे टिपणाच्या पहिल्या पानावर हवं.

मुंग्यांचं. तीन वेगळी कारणं आहेत आणि ती ओळखता आली पाहिजेत. दोन्ही हातांची बोटं आणि ओठांभोवती एकाच वेळी मुंग्या, सोबत डोकं हलकं होणं, कधी बोटं आखडणं: हा अति श्वसनाचा परिणाम. गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला. चालताना हे क्वचित होतं, कारण स्नायू तो तयार करत असतात. भीतीने किंवा ‘खोल श्वास घ्यायचाय’ म्हणून थांबल्या जागी जोरजोरात हवा ओढली की होतं. उपाय म्हणजे श्वास मंद करायचा, चारच्या मोजणीत आत आणि सहाच्या मोजणीत बाहेर, आणि सुरक्षित जागा असेल तर हळू चालायला लागायचं. काही मिनिटांत उतरतं. पिशवीत तोंड घालून श्वास घ्यायचा जुना उपाय उंचीवर करायचा नाही. पिशवीतला ऑक्सिजन झपाट्याने घटतो आणि आधीच कमी असलेलं आणखी कमी होतं.

दुसरं कारण अॅसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीचा त्रास टाळायला घेतात ते औषध. प्रतिबंधासाठी ते प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू करण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, सल्फाची अॅलर्जी असेल तर ती आधी सांगायची. त्याने हातापायांना येणाऱ्या मुंग्या श्वासाच्या गतीने बदलत नाहीत, येत-जात राहतात, निरुपद्रवी असतात. तिसरं कारण थंडी किंवा दाब: एकाच हाताची बोटं, बधिर, पांढरट. तिथे श्वास मोजत बसू नका. हातमोजा, सॅकचा पट्टा आणि काठीचा फास तपासा.

कुंभक चढाईत नको आणि वरच्या कॅम्पवरही नको. शरीरातला ऑक्सिजनचा साठा तिथे आधीच तुटपुंजा असतो, श्वास रोखल्यावर रक्तातली पातळी खालच्यापेक्षा फार लवकर कोसळते. भस्त्रिका आणि कपालभातीत वेगळी अडचण आहे. बसल्या जागी कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर टाकला जातो. श्वास घ्यायची ओढ मुख्यतः त्यावर अवलंबून असते, म्हणून नंतर श्वास आपोआप मंदावतो आणि ऑक्सिजन उतरत असताना पुरेशी सूचनाही मिळत नाही. शिवाय घेरी. तंबूत घेरी आली तर निभावतं, उतारावर नाही. नियमित सराव असलेल्यांनी श्वास न रोखता अनुलोम-विलोम तंबूत जरूर करावा, मात्र नाक चोंदलेलं असेल तर जबरदस्ती नको.

मिनिटाला सहाच्या आसपास, सावकाश आणि खोल श्वास दहा-पंधरा मिनिटं घेतले तर विश्रांतीत ऑक्सिमीटरवरचा आकडा काही अंकांनी वर जातो. सराव थांबला की तो हळूहळू मूळ जागी येतो. घाबरलेल्या माणसाला शांत करायला हे उत्तम आहे. उपचार म्हणून वापरायचं नाही. आणि यातून एक फसवणूक होते ती लक्षात ठेवा: मोजायच्या आधी पाच-सहा मोठे श्वास घेऊन आकडा चढवता येतो, आणि खाली पाठवतील या भीतीने लोक तसं करतात. मोजणी पाच मिनिटं शांत बसल्यावर, हात गरम करून, नेलपॉलिश काढून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून, रोज त्याच वेळी. एका आकड्यापेक्षा त्याच माणसाचा कल आणि त्याच उंचीवरचे बाकीचे लोक यांच्याशी तुलना जास्त सांगते.

रात्री चार-पाच मोठे श्वास, मग काही सेकंद अजिबात श्वास नाही, मग दचकून जाग, हे उंचीवर सर्रास होतं. कार्बन डायऑक्साइड खाली गेला की श्वास थांबतो, ऑक्सिजन उतरला की संवेदक हाका मारतात, असं चक्र. शेजारच्या तंबूसोबत्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तोच घाबरतो. जाणीवपूर्वक श्वास सुधारायचा प्रयत्न करू नका, त्याने झोपच जाते. डोकं-खांदे थोडे उंच ठेवा. दारू आणि गुंगी आणणाऱ्या झोपेच्या गोळ्या नकोत, त्या श्वसन दाबतात. अॅसिटाझोलामाइडने हे कमी होतं.

आता सीमारेषा. थांबल्यावर धाप दोन-तीन मिनिटांत उतरायला लागली तर ती उंचीची धाप. दहा-पंधरा मिनिटं बसूनही उतरत नसेल, आडवं झाल्यावर वाढत असेल, कोरडा खोकला असेल, आणि कालपर्यंत बरोबरीने चालणारा माणूस आज एकदम मागे पडत असेल, तर फुप्फुसात पाणी होतंय असं धरा. गुलाबी फेसाची वाट पाहू नका, ते उशिराचं लक्षण आहे. नव्या उंचीवर पोचल्यानंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत हे जास्त दिसतं, बऱ्याचदा रात्री. ताबडतोब खाली, ३०० ते १,००० मीटर किंवा लक्षणं उतरेपर्यंत, कमीत कमी श्रमात, सोबतीने. ऑक्सिजन असेल तर लावा. अशा माणसाला श्वासाचे व्यायाम सांगत कॅम्पवर बसवून ठेवणं जिवावर बेतू शकतं.

---

दोरखंड

श्वास कसा घ्यायचा यावर वर सविस्तर आलंय. मला तो कुठे थांबतो त्यावर लिहायचंय. लोक चालताना लय नीट पाळतात आणि बारीकसारीक कामांत नकळत श्वास रोखतात. साडेपाच हजारांच्या वर प्रत्येक रोखलेल्या श्वासाची भरपाई नंतर मिनिटभर धापा टाकून करावी लागते.

क्रॅम्पॉनचे पट्टे हे पहिलं ठिकाण. कमरेत वाकून पट्टा ओढताना पोट दबतं, श्वासपटलाला खाली जायला जागा उरत नाही, वर ताकद लावताना श्वास कोंडला जातो. खाली बसा, पाय उंचावर किंवा दुसऱ्या मांडीवर घ्या, वाकताना उच्छ्वास सोडा. एक पट्टा, दोन श्वास, दुसरा पट्टा. पाणी पितानाही हेच. गिळताना श्वास थांबतोच, म्हणून घटाघट नको: दोन घोट, तीन श्वास. फोटो काढताना, झिप ओढताना, वॉकीटॉकीवर बोलताना श्वास तपासा. बोलायचं तर थांबून बोला.

जुमारवर (दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड) चुकीची सवय अशी की हात पूर्ण वर ताणून जुमार सरकवायचा आणि मग हाताने शरीर ओढायचं. हात डोक्यावर लटकलेले असताना छाती मोकळी हलत नाही, आणि दंडाचे लहान स्नायू मांड्यांचं काम करतात. जुमार कपाळाच्या वर जाऊ देऊ नका. श्वास घेत सरकवा, उच्छ्वासासोबत पायाने वर उठा, मग दोन पूर्ण श्वास उभ्या उभ्या. अँकरवर (जिथे दोर पक्का बांधलेला असतो ती जागा) दोर बदलताना आधी श्वास सोडा, मग सेफ्टी कॅराबिनर (सुरक्षेची कडी) पुढच्या दोरात, मग जुमार. क्रम चुकण्याची भीती असते ती नेमकी धापेच्या भरात, म्हणून अँकरला पोचल्यावर तीन श्वास आणि त्यानंतरच हात लावायचा, असा नियमच करा.

अरुंद धारेवर किंवा उघड्या ट्रॅव्हर्सवर (उतार आडवा कापणाऱ्या वाटेवर) भीतीने श्वास अडतो. तिथे प्रमाण वगैरे सोडून द्या. एवढंच सांगा: पाय ठेवण्याआधी हवा बाहेर.

आणि सामान. सॅकचा कमरपट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. छातीचा पट्टा पूर्ण श्वास भरल्यावरही खाली दोन बोटं सरकतील इतका सैल. हार्नेस (दोर जोडायचा कमरेचा पट्टा) रात्री जाड कपड्यांवरून बांधतात आणि मग वरून डाऊन जॅकेट, त्यावर सॅक, तीन पट्टे एकाच जागी पोटाला आवळतात. सगळं बांधून झाल्यावर कॅम्पमधून निघण्याआधी प्रत्येकाने पाच पूर्ण श्वास घ्यायचे. पोट हललं नाही तर काहीतरी सैल करायचंय. अंधारात, थंडीत वाटेत थांबून पट्टे सैल करणारे फार थोडे असतात.

---

हिमरेषा

तिघांचेही आभार. मुंग्यांची तीन कारणं आणि ‘कुठे थांबतो’ हा भाग तर जसाच्या तसा घेणार.

दोन गोष्टी अजून अडतात. एक, लक्ष. मोजणी तुटते हा प्रश्न उरलाच. दोन, एका दोरावर चार-पाच जण असतील तर लय कुणाची? एकाला पावलामागे एक श्वास पुरतो, दुसऱ्याला तीन लागतात.

---

मंदगती

लक्षाबद्दल. सात तास अखंड श्वासावर लक्ष ठेवणं कुणालाही जमत नाही, आणि जमवायचंही नाही. हिमनदीवर दोराची ढील, पायाखालचा बर्फ, मागच्याची हाक, हे सगळं बघायचं असतं. श्वासाचं काम पार्श्वभूमीला चालू राहावं आणि ते बिघडलं की लगेच कळावं, एवढंच ध्येय ठेवा.

त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी शिकवा. पहिली मोजणी, ती फक्त एकसुरी, सुरक्षित, लांब चढासाठी. पावलं मोजू नका, उच्छ्वास मोजा, एक ते दहा आणि परत एक. पावलं मोजली की माणूस आकडा गाठायला धावतो. उच्छ्वास मोजले की वेग आपोआप श्वासाच्या मागे येतो. तुटली की एकपासून सुरू, कुठे होतो ते आठवत बसायचं नाही. मोजणी तुटणं हे अपयश नाही, तुटल्याचं लक्षात येणं हाच सराव आहे.

दुसरी तपासणी. ठरलेल्या खुणांवर करायची: नागमोडी वाटेचं प्रत्येक वळण, फिक्स रोपचा प्रत्येक अँकर, नाहीतर घड्याळाचा दर पंधरा मिनिटांचा गजर. दोन श्वासांत चार जागा बघायच्या. जबडा आवळलाय का? खांदे कानाकडे गेलेत का? पोट हलतंय का? उच्छ्वास पूर्ण होतोय का? जे बिघडलं असेल ते सोडवून पुढे. बहुतेकांचं बिघडतं ते याच क्रमाने, आधी जबडा, मग खांदे, आणि पोट सगळ्यात शेवटी. जबड्यालाच पकडलं तर पुढचं टळतं.

एक इशारा इथेच देतो, कारण तो लक्षाच्या सरावातूनच हाती लागतो. मन भरकटून मोजणी तुटणं वेगळं आणि दहापर्यंत नीट मोजताच न येणं वेगळं. वारंवार प्रयत्न करूनही आकडे अडखळत असतील, जीभ जड होत असेल, पाऊल सरळ पडत नसेल, तर ते मेंदूला सूज येण्याचं किंवा शरीर गार पडण्याचं लक्षण असू शकतं. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. नाही जमलं तर खाली. त्या माणसाचं ‘मी ठीक आहे’ प्रमाण मानायचं नाही. म्हणून मोजणी अधूनमधून मोठ्याने, जोडीदाराला ऐकू येईल अशी करायची सवय लावा.

सराव घरीच, निघण्याआधी पाच-सहा आठवडे. पाठीवर झोपून पोटावर दोन किलोचं वजन ठेवून ते श्वासाबरोबर वर-खाली जाऊ द्यायचं, रोज दहा मिनिटं. मग आठ-दहा किलोची सॅक घेऊन जिना, रेस्ट स्टेप आणि एका पावलाला एक श्वास, मुद्दाम कंटाळवाण्या वेगाने. हे अंगवळणी पडावं लागतं, कारण वर ऑक्सिजनच्या कमतरतेत नवीन काही शिकता येत नाही, पाठ झालेलं तेवढं उरतं. उंचीचा सराव म्हणून विकले जाणारे मुखवटे घेऊ नका. ते श्वासाला अडथळा करतात, हवा विरळ करत नाहीत.

---

खिंडीपलीकडे

दोराच्या लयीबद्दल: पाऊल एकत्र, श्वास ज्याचा त्याचा. सगळ्यांचे श्वास एका तालात आणायचा प्रयत्न केला की कुणीतरी अति श्वसन करतो आणि कुणीतरी गुदमरतो. ज्याला सगळ्यात जास्त श्वास लागतात त्याला दोरावर पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे पुढाऱ्याला त्याचा श्वास ऐकू येतो आणि पाऊल त्याच्यानुसार पडतं. बाकीच्यांना वेळ उरतो, तो त्यांनी मागचा गुडघा ताठ ठेवून विश्रांतीत घालवायचा. मात्र याने कडाक्याच्या थंडीत पुढचे-मागचे गारठत असतील, तर दोर दोन भागांत करणं जास्त शहाणपणाचं, तितके अनुभवी लोक आणि तशी जमीन असेल तर.

नाक की तोंड हे राहिलंच होतं. मी स्वतः सरावाच्या दिवसांत नाकाचा आग्रह धरतो: नाकाने जमत नसेल तर वेग जास्त आहे, इतकी सोपी मोजपट्टी दुसरी नाही. शिखराच्या दिवशी तो आग्रह सोडायचा.

---

वायुकोश

सहमत, फक्त कारण जोडतो. श्वसन मिनिटाला साधारण ३५ ते ४० लिटरच्या पुढे गेलं की नाकाची वाट अपुरी पडते आणि माणूस आपोआप तोंड उघडतो. शिखराच्या दिवशी बराचसा वेळ तुम्ही त्याच्या वरच असता. तिथे नाक धरून बसलं तर श्वसनाच्या स्नायूंचं काम विनाकारण वाढतं.

तोंडाने घेतलेल्या हवेचा तोटा म्हणजे ती थंड आणि कोरडी असते. तिला गरम आणि ओली करताना शरीराचं पाणी जातं, घसा सोलवटतो, आणि काही दिवसांत असा खोकला लागतो की बरगडीला तडा जाऊ शकतो. तोंडावर पातळ बफ (गळ्यात घालायची नळीसारखी कापडी पट्टी) ठेवा, उच्छ्वासाची वाफ त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाला परत मिळते. बफ एकावर एक दोन घेऊ नका. वाफ गोठून कडक पापुद्रा होतो आणि त्यातून श्वास ओढावा लागतो. दुसरा कोरडा बफ जॅकेटच्या आत ठेवा आणि पहिला कडक झाला की बदला. चंबू करून फुंकताना हवा खाली सोडा, वर सोडली तर गॉगलवर वाफ धरते. थांबल्यावर, धाप उतरली की मात्र लगेच नाकावर या. लांब विश्रांतीतही तोंड उघडंच ठेवणारे लोक संध्याकाळपर्यंत घसा बसवून घेतात.

---

दोरखंड

बफबद्दल एक भर: निघण्याआधी तो बांधूनच पाच श्वासांची ती चाचणी करा. तंबूत मोकळा वाटणारा बफ हेल्मेटच्या पट्ट्याखाली आवळला जातो.